नऊ सामने, १,५६६ यार्ड : ऑली मॅट्सन कोण होते?

प्रश्न : माझी पुतणी सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात शिकते. तिच्या वसतिगृहाला बर्ल टोलर यांचे नाव आहे. हे कोण, असे विचारल्यावर तिने १९५१ सालच्या तिथल्या फुटबॉल संघाची हकिकत सांगितली. एकही सामना न हरलेल्या त्या संघाने मोठ्या सामन्याला यावे, पण दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून यावे, अशी अट होती आणि संघाने ती झिडकारली. त्या दोघांपैकी एक टोलर. दुसरे ऑली मॅट्सन, पण त्यांचे तिला नावच काय ते ठाऊक होते. खेळाडू म्हणून ते कसे होते? त्यांच्या आठवणीचे तिथे काही पाहायला मिळेल का? मला अमेरिकी फुटबॉलमधले काहीच कळत नाही, त्या बेताने सांगावे, ही विनंती. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पुतणीला मॅट्सन यांचे नावच तेवढे ठाऊक असावे, यात तिचा दोष नाही. ही हकिकत अमेरिकेतही बहुधा अशीच सांगितली जाते. तिच्यात संघाचा नकार ठळक होतो आणि ज्यांच्यासाठी नकार दिला गेला, त्यांतला एक त्या वर्षी देशभरातल्या महाविद्यालयांत सर्वाधिक धाव घेणारा खेळाडू होता, ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. मला त्याचे नेहमी वाईट वाटते. त्या संघाने जे केले ते थोर होतेच, पण मॅट्सन यांना आपण फक्त अन्याय झालेला माणूस म्हणून ओळखू लागलो, तर ते मैदानात काय करत होते हे पाहायचे राहूनच जाते.

आधी खेळाविषयी थोडे. या फुटबॉलमध्ये दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू असतात आणि मैदान १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटरांचे असते. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते, नाहीतर चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. चेंडू छातीशी घट्ट धरून समोरच्या गर्दीतून वाट काढणारा जो गडी, त्याला रनिंग बॅक म्हणतात. आपल्याला हे कबड्डीतल्या चढाईवरून चटकन कळेल. हूल देणे, पकड सोडवणे, दोघांच्या मधली फट नेमकी हेरणे, हे सगळे इथेही आहे. फरक असा, की चढाई करणाऱ्याला मध्यरेषेकडे परतायचे असते, तर रनिंग बॅकला माघारी यायचेच नसते. त्याला बचावाची सगळी भिंत ओलांडून पलीकडे जायचे असते, आणि तो पाडला जाईल तिथपर्यंतचे अंतर यार्डांत मोजून त्याच्या नावावर लिहिले जाते.

१९५१ च्या हंगामात मॅट्सन यांच्या नावावर असे १,५६६ यार्ड लिहिले गेले, तेही अवघ्या नऊ सामन्यांत. सरासरी काढली तर एका सामन्याला १७४ यार्ड पडतात. त्या हंगामात त्यांचे २१ टचडाउन झाले, म्हणजे चेंडू घेऊन ते इतक्या वेळा प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार पोहोचले. देशात त्या वर्षी यार्डांतही तेच पहिले होते. एका हंगामातील यार्डांचा तोवरचा विक्रम एल पासोच्या फ्रेड वेंट यांचा होता, १९४८ सालचा, १,५७० यार्डांचा. मॅट्सन यांना तो चार यार्डांनी हुकला. चार यार्ड म्हणजे एखाद्या घराच्या ओसरीइतके अंतर. त्यांच्या नवव्या सामन्यानंतर दहावा सामना कधी झालाच नाही, हे लक्षात घेतले, की या चार यार्डांची रुखरुख अधिकच लागते.

त्यांचा एकच सामना पाहायला मिळेल असा वर मला कुणी दिला, तर मी त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या रँडल्स बेटावरील ट्रायबरो स्टेडियममध्ये फोर्डम विद्यापीठाविरुद्ध झालेला सामना मागेन. (याच मैदानावर १९३६ साली जेसी ओवेन्स यांनी ऑलिंपिकच्या निवड चाचणीत धावून बर्लिनची वाट धरली होती.) सॅन फ्रान्सिस्कोचा संघ सगळा देश ओलांडून आलेला, आणि पूर्वेकडच्या पत्रकारांनी त्याला पाहण्याची ही एकुलती एक संधी. हा सामना ३२ विरुद्ध २६ असा अटीतटीने जिंकला गेला, आणि मॅट्सन यांनी त्यात दोनदा किक-ऑफचा चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकाला नेला, एकदा ९४ यार्ड आणि एकदा ९० यार्ड.

किक-ऑफ परत आणणे म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. प्रतिस्पर्धी लाथ मारून चेंडू उंच आणि लांब उडवतात, आणि तो हवेत असतानाच त्यांचे खेळाडू तुमच्या रोखाने धावत सुटलेले असतात. तुम्ही मान वर करून आपल्या गोलरेषेजवळ उभे असता. चेंडू हातात पडतो तेव्हा समोरून येणारे गडी पूर्ण वेगात असतात आणि तुम्ही जवळजवळ जागच्या जागी. तिथून वेग घ्यायचा, आपल्या साथीदारांनी दिलेल्या आडोशातून फट शोधायची आणि मैदानाची जवळपास सगळी लांबी कापायची. हे एखाद्या खेळाडूला कारकिर्दीत एकदा साधले तरी तो नातवंडांना सांगेल. मॅट्सन यांनी एकाच दुपारी दोनदा साधले.

त्यांची अंगकाठी सहा फूट दोन इंचांची आणि वजन शंभर किलोंच्या आसपास होते. त्या काळी एवढ्या वजनाचे गडी प्रतिस्पर्ध्यांना ढकलण्यासाठी पुढच्या फळीत ठेवले जात. धावणारे हलके असत. मॅट्सन यांच्यापाशी फळीतल्या गड्याचे वजन आणि धावपटूचे पाय एकत्र आले होते, त्यामुळे त्यांना आडवणाऱ्यापुढे दोन्हीकडून पेच उभा राही : जवळ थांबावे तर धडक बसते, लांब थांबावे तर माणूस निसटतो. शिवाय चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला, की तेच बचावालाही उभे राहत. आज महाविद्यालयीन पातळीवर दोन्ही कामे पूर्णवेळ करणारा खेळाडू क्वचितच आढळतो.

टेक्सासमधल्या ट्रिनिटी या लहानशा गावी १ मे १९३० रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय वयातच ते सॅन फ्रान्सिस्कोला आले, तिथल्या सिटी कॉलेजातून खेळले, आणि १९४९ साली टोलर यांच्याप्रमाणेच तिथून विद्यापीठात दाखल झाले. हे जेझुइट धर्मगुरूंनी चालवलेले विद्यापीठ आहे, मुंबईचे सेंट झेवियर्स ज्या परंपरेतले, त्याच परंपरेतले. प्रशिक्षक होते जो कुहॅरिक.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात वीस वर्षे राहतो आणि शनिवारचे महाविद्यालयीन सामने मुलांबरोबर आवडीने पाहतो. देशात सर्वाधिक यार्ड धावलेल्या खेळाडूला हाइजमन करंडक मिळायला हवा होता, असे वाटते. तो का मिळाला नाही? केवळ रंगामुळे? — एक वाचक, सॅन होजे

उत्तर : महाविद्यालयीन फुटबॉलमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून दिला जाणारा हा करंडक मतदानाने ठरतो, आणि मतदारांत क्रीडापत्रकारांचा भरणा असतो. १९५१ साली तो प्रिन्स्टनच्या डिक काझमायर यांना १,७७७ गुणांनी मिळाला. दुसऱ्या क्रमांकावरील टेनेसीच्या हँक लॉरिसेला यांचे गुण ४२४ होते. मॅट्सन नववे आले. काझमायर उत्तम खेळाडू होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही, परंतु मॅट्सन यांच्याआधी आठ जणांची नावे लिहावीत, असे काय घडले होते, हे मला आजवर पटलेले नाही.

रंग हे एक कारण होतेच. या करंडकावर पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचे, सिरॅक्यूजच्या अर्नी डेव्हिस यांचे, नाव लागायला १९६१ साल उजाडावे लागले. मॅट्सन यांच्याच हंगामात, त्याच ऑक्टोबर महिन्यात, ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा प्रतिस्पर्ध्याने ठोसा मारून मोडला. चेंडू ब्राइट यांच्याकडे नसताना हा प्रकार घडला. त्या क्षणांची छायाचित्रे छापली गेली आणि पुढे त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. ब्राइट त्या वर्षीच्या मतदानात पाचवे आले. त्या काळाची हवा कशी होती, हे यावरून ध्यानात यावे.

तरीही सगळा भार एकट्या रंगावर टाकणे बरोबर होणार नाही. पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान, कोणत्याही मोठ्या गटात नसलेल्या विद्यापीठाचे सामने पूर्वेकडचे मतदार पाहू शकत नव्हते. घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचायची होती. त्यात या संघाच्या प्रतिस्पर्ध्यांत नौदलाच्या आणि मरीन दलाच्या तळांवरील संघही होते. पत्रकार परिषदा आणि पत्रके यांची बाजू विद्यापीठाचा एक तरुण प्रसिद्धी अधिकारी जिवाच्या आकांताने लढवत होता. त्याचे नाव पीट रोझेल. हेच रोझेल १९६० साली व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त झाले आणि जवळपास तीन दशके त्या पदावर राहिले. ज्याने पुढे सगळ्या देशाला रविवारी दूरचित्रवाणीसमोर बसवले, त्यालाही १९५१ साली मॅट्सन यांना नवव्या स्थानाच्या वर नेता आले नाही, इतके ते विद्यापीठ नजरेआड होते.

प्रश्न : या संघाला त्या वर्षी खरोखर कुठूनच बोलावणे आले नाही का? की ही कथा नंतर रंगवली गेली? — एक वाचक, पुणे

उत्तर : शंका रास्त आहे. हंगाम संपल्यावर निवडक संघांना नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ नावाच्या खास सामन्यांना बोलावले जाते. त्यातून मानही मिळतो आणि पैसाही. विद्यापीठाला त्या पैशाची निकड होती, कारण फुटबॉलचा खर्च झेपेनासा झाला होता. तेव्हाचे मोठे बाउल सामने बहुतांशी दक्षिणेकडे होत, आणि तिथे वर्णभेदाची प्रथा होती. मॅट्सन आणि टोलर यांना वगळून यायची तयारी असेल तर बघू, असा निरोप आला आणि खेळाडूंनी तो फेटाळला. या गोष्टीला संघातील गोऱ्या खेळाडूंनी पुढे आयुष्यभर दुजोरा दिला आहे. त्यांत दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत लढून आलेले जिनो मार्केटी होते, बॉब सेंट क्लेअर होते.

मात्र एक गोष्ट या कथेत सहसा येत नाही आणि ती आली पाहिजे. या संघाने आपला आठवा सामना स्टॉकटनमध्ये कॉलेज ऑफ द पॅसिफिकविरुद्ध ४७ विरुद्ध १४ असा जिंकला. हंगाम संपल्यावर एल पासोच्या सन बाउलचे बोलावणे गेले ते या पराभूत पॅसिफिकला. १ जानेवारी १९५२ रोजी पॅसिफिकचा संघ टेक्सास टेककडून २५ विरुद्ध १४ असा हरला. आणि पॅसिफिकच्या संघात एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. तेव्हा प्रत्येक दार केवळ रंगामुळे बंद होते, असे सरसकट म्हणता येत नाही. जी मोठी दारे होती, ज्यांतून विद्यापीठाचा फुटबॉल वाचण्याइतका पैसा आला असता, ती दक्षिणेची होती, आणि ती या दोघांसाठी बंद होती. लहान दारांपाशी या संघाची प्रेक्षक खेचण्याची ताकद कमी पडली. या बारकाव्याने अन्याय लहान होत नाही. ज्याला ४७ विरुद्ध १४ असे हरवले, तो संघ प्रवासाची तयारी करताना पाहणे मॅट्सन यांना कसे गेले असेल, हे तर त्याने अधिकच टोचू लागते.

शेवटचा सामना पासाडेना येथील रोझ बाउल मैदानावर (हे मैदानाचेच नाव, सामना हंगामातला नेहमीचाच होता) लोयोलाविरुद्ध २० विरुद्ध २ असा जिंकून त्यांनी नऊपैकी नऊ विजय पूर्ण केले. त्यानंतर विद्यापीठाने त्या पातळीवरचा फुटबॉल बंद केला. आपल्या इतिहासातला सर्वोत्तम संघ मैदानातून परतला आणि पाठोपाठ खेळच थांबला, असे उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही. या एका संघातील मॅट्सन, मार्केटी आणि सेंट क्लेअर असे तिघे जण व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. पहिल्या दोघांना तो मान एकाच वर्षी, १९७२ साली मिळाला.

प्रश्न : हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या यादीत मला ओ. मॅट्सन असे नाव दिसले. ते हेच का? — एक वाचक, कराड

उत्तर : हेच. कराडकरांच्या नजरेतून १९५२ ची यादी सुटणार नाही, हे ओघानेच आले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ज्या हेलसिंकीत कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, तिथेच त्याच जुलै महिन्यात मॅट्सन यांनी ४०० मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. जॉर्ज ऱ्होडन आणि हर्ब मॅकेन्ली हे जमैकाचे दोघे ४५.९ सेकंदांत आले आणि मॅट्सन ४६.८ सेकंदांत. पुढे ४×४०० मीटर रिले शर्यतीत मॅट्सन, जीन कोल, चार्ल्स मूर आणि मॅल व्हिटफील्ड यांच्या अमेरिकी चमूने ३ मिनिटे ४.० सेकंद अशी वेळ दिली. १९३२ पासून टिकलेला ३ मिनिटे ८.२ सेकंदांचा विश्वविक्रम या वेळेने सहज मोडला असता, पण जमैकाचा चमू त्यांच्यापेक्षा सेकंदाचा एक दशांश भाग आधी पोहोचला होता, म्हणून रौप्यपदक.

प्रा. खर्डेकरांनी घर गहाण टाकून खाशाबांच्या प्रवासाची सोय केली, ही आपल्याकडची आठवण सर्वांना ठाऊक आहे. मॅट्सन यांना पैशाची तशी अडचण नव्हती. व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयांतून खेळाडूंची निवड करतात, आणि त्या वर्षीच्या निवडीत शिकागो कार्डिनल्स या संघाने त्यांना तिसऱ्याच क्रमांकावर उचलले होते. तरी व्यावसायिक खेळाडू होण्याआधी त्यांनी हा उन्हाळा धावपट्टीला दिला, याचे मला विशेष वाटते. शंभर किलो वजनाचा फुटबॉलपटू ४०० मीटरमध्ये जगात तिसरा येतो, यावर आजचे प्रशिक्षकही सहज विश्वास ठेवणार नाहीत.

प्रश्न : व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यांचे पुढे काय झाले? आणि टोलर यांचे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : मॅट्सन चौदा हंगाम खेळले. मध्ये १९५३ हे वर्ष लष्करी सेवेत गेले. कार्डिनल्सनंतर ते लॉस एंजेलिस रॅम्स, डेट्रॉइट आणि शेवटी १९६६ पर्यंत फिलाडेल्फियाकडून खेळले, आणि फिलाडेल्फियात त्यांचे प्रशिक्षक पुन्हा कुहॅरिकच होते. धावणे, झेल आणि किक परत आणणे मिळून त्यांची बेरीज १२,८८४ यार्डांवर गेली. १९५९ साली त्यांची रॅम्सशी अदलाबदल झाली तेव्हा मोबदला म्हणून खेळाडू आणि निवडीचे हक्क मिळून नऊ द्यावे लागले. रॅम्सच्या वतीने हा सौदा करणारे होते पीट रोझेल. ज्या तरुणाचे म्हणणे १९५१ साली कुणी ऐकले नाही, त्याने आठ वर्षांनी नऊ देऊन एक घेतला, यापेक्षा मोठी पावती काय असणार? परंतु मॅट्सन बहुतेक वर्षे हरणाऱ्या संघांतच होते, आणि हरणाऱ्या संघातला धावपटू लोकांच्या लक्षात राहत नाही.

टोलर यांचा गुडघा १९५२ च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्यात कायमचा जायबंदी झाला. ते शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाले, आणि १९६५ साली नॅशनल फुटबॉल लीगचे पहिले कृष्णवर्णीय पंच झाले.

मॅट्सन यांचे शेवटचे दिवस मात्र क्लेशाचे होते. त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते. १९ फेब्रुवारी २०११ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा विकार आढळला, जो डोक्याला वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांतून जडतो. वर मी ज्या धडकांचे कौतुक केले, त्यांची किंमत ही होती, आणि ती लपवून त्यांच्याविषयी लिहिणे मला योग्य वाटत नाही.

नाशिकच्या वाचकांचा एक प्रश्न राहिला : पुतणीला पाहता येईल असे काही आहे का? तिचे वसतिगृह २०१७ पर्यंत फेलन हॉल म्हणून ओळखले जाई. जेम्स फेलन हे त्या शहराचे महापौर आणि नंतर सिनेटर होते, आणि ‘कॅलिफोर्निया गोरी ठेवा’ अशी घोषणा देऊन त्यांनी आशियाई लोकांविरुद्ध प्रचार केला होता. ते नाव काढून टोलर यांचे दिले गेले, आणि आता त्या इमारतीत आपल्याकडची मुलगी राहते. मॅट्सन यांच्यासाठी तिने गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केझार स्टेडियमवर जावे. विद्यापीठापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्या संघाचे घरचे मैदान तेच. साठ हजारांचे जुने स्टेडियम १९८९ साली पाडले गेले, आता तिथे छोटे मैदान आणि त्याच्याभोवती धावपट्टी आहे. ती सर्वांना खुली असते. सकाळी गेल्यास तिलाही एक फेरी मारता येईल, चारशे मीटरची.